युद्ध संपले, नाविक उरले : 'तलवार', फेब्रुवारी १९४६

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील लासूर स्टेशन हे मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही अशा गावातील बारावी झालेला मुलगा आज नौदलात निवडला गेला, तर थोड्याच दिवसांत तो ओडिशातील 'आयएनएस चिल्का' या केंद्राच्या मैदानावर कवायत करताना दिसतो. जाहिरात, परीक्षा, प्रशिक्षण, नेमणूक ही साखळी आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागचा जुना प्रश्न कोणी विचारत नाही.

प्रश्न असा : आरमार लढते तेव्हा त्याच्या बखरी होतात, पोवाडे होतात. पण बहुतेक दिवस, बहुतेक वर्षे आरमार लढत नसते. त्या काळात शिकवून तयार केलेल्या हजारो माणसांचे काय करायचे? त्यांना काम कोणते द्यायचे, जेवू काय घालायचे, त्यांची तक्रार कोणी ऐकायची आणि गरज संपली की त्यांना घरी कसे पाठवायचे?

हा धागा त्या न लढण्याच्या दिवसांचा आहे. त्यातला सर्वांत जळजळीत अध्याय फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत कुलाब्याला घडला. 'नाविकांचे बंड' म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. स्वातंत्र्याच्या लढ्यातील शेवटच्या मोठ्या धक्क्यांपैकी एक म्हणून तो सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या बंडाच्या पोटात एक रुक्ष, कारकुनी वाटावी अशी गोष्ट दडलेली आहे : शांततेच्या काळात माणसे सांभाळण्याची.

मराठी मुलखाला हा प्रश्न नवा नव्हता. कोकणच्या किनाऱ्यावर निसर्गच दरवर्षी चार महिन्यांची शांतता लादतो. दर्या खवळला की गुराबा आणि गलबते खाडीच्या आडोशाला लावायची आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची, हा तिथला क्रम. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (१७१५-१६) आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. झुंज कशी द्यावी हे त्यात सांगितले आहेच, पण वाचताना नजर खिळते ती दुसऱ्याच मजकुरावर. एका सुभ्याकडे पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत. त्यांच्या खर्चासाठी मुलखाचा महसूल नेमून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर तो भार टाकू नये, कारण तसे केले तर सावकार नाडला जातो आणि बंदर बुडते. पावसाळ्याची छावणी दर्या खवळण्याच्या आधीच करावी. ती दरसाल एकाच बंदरात करू नये. जवळ किल्ल्याचा आधार असावा, रात्रंदिवस पहारा असावा. जहाजासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला मालकाच्या राजीखुशीवाचून हात लावू नये.

यामागचा हिशेब उघड आहे. पगाराची सोय नसलेला आणि हाताला काम नसलेला शिपाई शत्रूआधी स्वतःच्याच रयतेला जड होतो. लढाईतले शौर्य सगळेच वाखाणतात. आषाढातल्या रिकाम्या खलाशाचा विचार करणारा कारभारी विरळा.

प्रशिक्षणाची चिंता मात्र त्या काळच्या राज्याला फारशी नव्हती. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी ही मंडळी होडीतच वाढत. वारा, भरती-ओहोटी, खडक, शिडाचे दोर हे सारे ती पोटापाण्याच्या धंद्यातच शिकत. आरमारात आलेला माणूस अर्धा तयारच असे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन'ने हाच किनारा हाताशी धरला. पुढे त्या दलाची नावे बदलत गेली. १८३० मध्ये ते 'इंडियन नेव्ही' झाले, १८६३ मध्ये पुन्हा 'बॉम्बे मरीन', १८९२ मध्ये 'रॉयल इंडियन मरीन' आणि १९३४ मध्ये 'रॉयल इंडियन नेव्ही'. पाट्या बदलल्या तरी घडण फारशी बदलली नाही. खालच्या फळीत रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने, पुढे पंजाबचे लोकही. वर इंग्रज अधिकारी. हिंदी माणसाला या दलात अधिकारपद मिळायला १९२८ साल उजाडावे लागले. ते मिळवणारे डी. एन. मुखर्जी अभियंता शाखेचे होते. दल लहान होते, खलाशांच्या पिढ्यान् पिढ्या त्यात येत, आणि जुना तांडेल नव्या पोराला सांभाळून घेई. लेखी नियमांपेक्षा ही ओळखदेखच गाडा ओढत होती.

दुसऱ्या महायुद्धाने ती घडण मोडली.

१९३९ मध्ये या नौदलात दोन हजारांच्या आतबाहेर नाविक होते. १९४५ पर्यंत ती संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली. सहा वर्षांत दहापटीहून अधिक! एवढी माणसे एकट्या कोकणातून येणे शक्य नव्हते. भरतीचे जाळे देशभर पसरले आणि ज्यांनी समुद्र चित्रातच पाहिला होता असे तरुण नाविक झाले. नौदलाच्या भाषेत अधिकारी नसलेल्या नाविकाला 'रेटिंग' म्हणत. हा शब्द या कथेत वारंवार भेटेल.

या तरुणांना शिकवायला शाळाही तितक्याच घाईने उभ्या राहिल्या. कराचीत मुलांसाठी 'बहादूर' आणि 'दिलावर', तोफखान्यासाठी 'हिमालय', रडारसाठी 'चमक'. जामनगरला टॉर्पेडोसाठी 'वालसुरा', वर्सोव्याला पाणबुडीविरोधी युद्धतंत्रासाठी 'मछलीमार'. ही सगळी नावे जहाजांची वाटतात, पण ती जमिनीवरची केंद्रे आहेत. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजाचेच नाव आणि जहाजाचीच शिस्त असते. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळ्याला, घाटमाथ्यावर, यंत्रविभागातील नाविकांसाठी असेच एक केंद्र सुरू झाले. त्याचे नाव 'एचएमआयएस शिवाजी'. ब्रिटिश राजाच्या नौदलाने आपल्या शाळेला शिवछत्रपतींचे नाव द्यावे, यातला विरोधाभास तेव्हाही कोणाच्या नजरेतून सुटला नसावा.

आणि मुंबईत कुलाब्याला होते 'एचएमआयएस तलवार' : संदेशवहनाची शाळा.

'तलवार'वरचा रेटिंग इतरांहून वेगळा होता. मोर्स संकेत ऐकून उतरवणे, बावट्यांनी आणि दिव्यांनी निरोप देणे, सांकेतिक मजकूर उलगडणे ही कामे अंगठेबहाद्दराची नव्हेत. त्यासाठी इंग्रजी येणारे, बहुधा मॅट्रिक झालेले तरुण लागत. असे तरुण मिळवताना भरती अधिकाऱ्यांनी चांगला पगार, बढती, युद्धानंतर नोकरी अशी भरघोस आश्वासने दिली होती. पुढे चौकशी झाली तेव्हा, ही आश्वासने पाळली गेली नाहीत, ही नाविकांची ठळक तक्रार ठरली.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि युद्ध संपले. एका दृष्टीने खरी गोष्ट इथून सुरू होते.

युद्धकाळी माणूस गैरसोय सोसतो. काम अफाट असते, शत्रू समोर असतो, 'हे संपले की बघू' असे म्हणता येते. ऑगस्टनंतर तो आधार गेला. वाढवलेले नौदल आता लहान करायचे होते. हजारो रेटिंग सेवामुक्तीच्या रांगेत उभे होते आणि रांग सरकत नव्हती. बराकींत दाटी झाली. 'तलवार'वर शिकायला आलेले, शिकून बसलेले आणि घरी जाण्याची वाट पाहणारे असे सगळे एकत्र कोंबले गेले. हाताला नेमके काम नाही. बाहेर नोकरीची हमी नाही. जेवण निकृष्ट. त्याच बंदरात, त्याच युद्धातून आलेल्या गोऱ्या नाविकाचा पगार आणि सोयी कितीतरी अधिक. आणि घरी जाताना अंगावरच्या गणवेशाचे कपडेही परत करायचे! ऐकायला ही बाब क्षुल्लक वाटते, पण संपकऱ्यांच्या मागण्यांच्या यादीत ती राजकीय कैद्यांच्या सुटकेच्या शेजारी लिहिलेली आहे. कपड्याचा तुटवडा असलेल्या त्या काळात गरीब घरच्या पोराला दोन धड सदऱ्यांची किंमत ठाऊक होती.

याच महिन्यांत दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता. रेडिओ आणि वर्तमानपत्रे त्याने भरून गेली होती. ज्यांचे कामच बातमी पकडण्याचे, ते 'तलवार'वरचे रेटिंग तिच्यापासून अलिप्त राहतील हे अशक्य होते. १ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनासाठी सजवलेल्या 'तलवार'च्या भिंतींवर राजवटीविरोधी घोषणा रंगवलेल्या आढळल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी तसेच घडले आणि बलाईचंद्र दत्त हा तरुण तारायंत्री पकडला गेला. पुढे याच दत्तांनी या उठावावर 'म्युटिनी ऑफ द इनोसंट्स' हे पुस्तक लिहिले. 'निरागसांचे बंड' हे शीर्षक बरेच सांगून जाते.

पण मूठभर राजकीय मनाच्या तरुणांमागे अकराशे माणसे एका सकाळी का गेली? त्याचे उत्तर कमांडर एफ. डब्ल्यू. किंग या अधिकाऱ्याच्या कचेरीत सापडते.

किंगने जानेवारी १९४६ मध्ये 'तलवार'ची सूत्रे घेतली. ८ फेब्रुवारीला त्याने रेटिंगना उद्देशून कुलीची पोरे, जंगली अशा आणि त्याहून गलिच्छ शिव्या दिल्या. नौदलाच्या नियमाप्रमाणे सामूहिक तक्रार म्हणजे बंड. तक्रार करायची तर प्रत्येकाने आपापली, स्वतंत्र करायची. काही रेटिंगनी नियमाचा मान राखला. प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज दिला. अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे गेला, तिथून तो ज्याच्याविरुद्ध होता त्याच कमांडर किंगकडे आला आणि जवळपास आठवडाभर रेंगाळला. अखेर सुनावणी झाली ती किंगसमोरच. खोटी तक्रार करणे हा गुन्हा आहे याची त्याने अर्जदारांना जाणीव करून दिली आणि फेरविचार करायला सांगितले.

इथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. शिस्तीच्या दलात तक्रारीचा मार्ग ही सौजन्याची बाब नसते. वाफेच्या बॉयलरला झडप असते, तसा तो असतो. कनिष्ठाला संप करता येत नाही, राजीनामा देता येत नाही, उलट बोलता येत नाही. म्हणूनच त्याला एक दार उघडे ठेवावे लागते. किंगने शिव्या दिल्या हा त्याचा उर्मटपणा. ते दार त्याने बंद केले, ही कारभारातली चूक. दुसरी अधिक महागात पडली.

ब्रिटिशांना हे कळत नव्हते असेही नाही. जेमतेम पंधरा वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९३१ मध्ये, त्यांच्या स्वतःच्या नौदलात स्कॉटलंडच्या इन्व्हरगॉर्डन बंदरात असेच घडले होते. तेव्हाही काळ शांततेचा होता. मंदीमुळे सरकारने पगार कापला. सर्वसाधारण कपात दहा टक्क्यांची, पण जुन्या दराने पगार घेणाऱ्या खालच्या नाविकांवर ती पंचवीस टक्क्यांपर्यंत गेली, आणि अनेकांना ही बातमी कळली ती वर्तमानपत्रांतून. अटलांटिक ताफ्यातील नाविकांनी जहाजे हलवायला नकार दिला. दोनच दिवसांत सरकार नमले, कपात दहा टक्क्यांवर आली. लंडनच्या बाजारात इतकी घबराट उडाली की त्याच आठवड्यात ब्रिटनला सुवर्ण परिमाण सोडावे लागले. गोऱ्या नाविकाच्या पगारापुढे साम्राज्याने दोन दिवसांत माघार घेतली. मुंबईत काय झाले ते आता पाहू.

१८ फेब्रुवारी १९४६ च्या सकाळी 'तलवार'वरच्या रेटिंगनी न्याहारी नाकारली. अन्न नाही तर काम नाही, ही त्यांची घोषणा. दिवसभर अधिकारी समजावत राहिले, धमकावत राहिले. किंगला हटवण्यात आले. पण आता उशीर झाला होता.

मग जे झाले ते त्यांच्या प्रशिक्षणाचेच फळ. संप पुकारणारे लोक संदेशवहनाचे तज्ज्ञ होते. बातमी बंदरातल्या जहाजांवर आणि तिथून बिनतारी यंत्रणेने दूरच्या तळांवर पोचली. नौदलाने ज्यांना एका टोकाचा आदेश दुसऱ्या टोकाला क्षणात न्यायला शिकवले, त्यांनी आता आपला निरोप तसाच नेला. काही दिवसांत ७८ जहाजे, २० किनारी तळ आणि सुमारे वीस हजार नाविक संपात होते. ठाण्याजवळच्या 'अकबर'पासून कराचीच्या 'हिंदुस्थान' जहाजापर्यंत. जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरले आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र चढले. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष अशी मध्यवर्ती संप समिती १९ तारखेला स्थापन झाली.

तिच्या मागण्यांचा कागद म्हणजे दोन वेगळ्या दुनियांचा संगम आहे. एका हाताला आझाद हिंद सेनेसह सर्व राजकीय कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य माघारी बोलावणे. दुसऱ्या हाताला चांगले जेवण, गोऱ्या नाविकांइतका पगार, किंगवर कारवाई, लवकर सेवामुक्ती आणि पुढे नोकरी, आणि ते कपडे. पुढच्या काळात काहींनी पहिला भाग पुढे करून यांना निव्वळ क्रांतिकारक ठरवले. साहेबाने दुसरा भाग पुढे करून हे पोटाचे रडगाणे ठरवले. दोन्ही अर्धवट. ज्याला रोज ताटातून आपली पायरी कळते, त्याला स्वातंत्र्याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

नौदलप्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल जे. एच. गॉडफ्रे. हे गृहस्थ आधी ब्रिटिश नौदलाच्या गुप्तहेर खात्याचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या इयान फ्लेमिंगने पुढे जेम्स बाँडच्या कथा लिहिल्या, आणि त्यांतील 'एम' हे पात्र गॉडफ्रेंवरून सुचले असे मानले जाते. शत्रूच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना स्वतःच्या बराकीत काय चालले आहे ते कळले नाही. २१ फेब्रुवारीला त्यांनी रेडिओवरून इशारा दिला : सरकारची सारी ताकद वापरली जाईल, त्यात नौदल नष्ट झाले तरी हरकत नाही. त्याच दिवशी कॅसल बराकीत लष्कर आणि नाविक यांच्यात गोळीबार झाला. पगार आणि डाळ यांच्या तक्रारीला चार दिवसांत बंदुकांचे उत्तर मिळाले होते.

२२ तारखेला मुंबई बंद पडली. कम्युनिस्ट पक्षाने हरताळाची हाक दिली होती. गिरणगाव रस्त्यावर उतरला, लष्कराने गोळ्या चालवल्या. सरकारी आकड्यांप्रमाणेच दोनशेहून अधिक माणसे मेली आणि हजारावर जखमी झाली. परळला कमल दोंदे या कार्यकर्त्या गोळीला बळी पडल्या. मेलेल्यांत बहुसंख्य नाविक नव्हते, मुंबईचे सामान्य रहिवासी होते. तिकडे कराचीत 'हिंदुस्थान'वर तोफा डागल्या गेल्या आणि त्याच दिवशी ते जहाज शरण आले.

काँग्रेस आणि लीग या दोन्ही पक्षांच्या नेतृत्वाला हा उठाव पुढे न्यायचा नव्हता. सरदार पटेलांनी शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला, सूडबुद्धीने कारवाई होणार नाही यासाठी प्रयत्न करण्याचे आश्वासन दिले. २३ फेब्रुवारीच्या पहाटे समितीने संप मागे घेतला. आपण ब्रिटिशांना नव्हे, हिंदुस्थानला शरण जात आहोत, अशी तिची भूमिका होती. पटेलांचा निर्णय बरोबर की चूक यावर आजही वाद रंगतात. सत्तांतर दारात उभे असताना येणाऱ्या सरकारला बेशिस्त सैन्य नको होते, हे समजण्यासारखे आहे. मात्र त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा हिशेब नीट झाला नाही. ४७६ नाविकांना नोकरीवरून काढण्यात आले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही, पाकिस्तानच्याही नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फजल अली. सोबत न्यायमूर्ती कृष्णस्वामी अय्यंगार, न्यायमूर्ती मेहरचंद महाजन आणि दोन ब्रिटिश सेनाधिकारी. यांतील दोन नावांशी मराठी वाचकाची जुनी ओळख आहे. फजल अली म्हणजे पुढच्या राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष. ज्या अहवालाने मराठवाड्याला द्वैभाषिक मुंबई राज्यात घालायची शिफारस केली आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटवले, तो त्यांचाच. आणि महाजन म्हणजे बेळगाव सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचे महाजन! ज्यांच्या अहवालांवर मराठी माणूस पुढे वर्षानुवर्षे संतापला, त्या दोघांनी १९४६ मध्ये नाविकांच्या तक्रारी मात्र बारकाईने ऐकल्या.

आयोगाचा अहवाल जानेवारी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. राजकीय वातावरणाचा प्रभाव त्याने नाकारला नाही. पण मूळ कारण म्हणून बोट ठेवले ते साचलेल्या असंतोषावर. भरतीच्या वेळची आश्वासने, पगारातील आणि वागणुकीतील भेद, अन्न, रेंगाळलेली सेवामुक्ती, आणि अधिकारी व रेटिंग यांच्यातला तुटलेला संबंध.

हा शेवटचा मुद्दा थोडा उलगडायला हवा. नौदलात 'डिव्हिजन' नावाची जुनी पद्धत आहे. जहाजावरच्या नाविकांचे लहान गट पाडतात आणि प्रत्येक गट एका अधिकाऱ्याकडे देतात. त्या अधिकाऱ्याने आपल्या माणसांची नावेच नव्हे, त्यांची घरे ओळखायची. कोणाची आई आजारी आहे, कोणाची बढती अडली आहे, कोण दारूकडे झुकतो आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. युद्धाच्या घाईत नेमलेले नवे अधिकारी या कामात कच्चे होते. अनेकांना आपल्या माणसांची भाषाही येत नव्हती. अधिकारी आणि रेटिंग यांच्यामधला जो अनुभवी दुवा, तो जुना पेटी ऑफिसर, दहापटीने फुगलेल्या दलात पुरेसा कुठून असणार? माणसे सहा महिन्यांत शिकवता येतात. मुरलेला तांडेल सहा महिन्यांत तयार होत नाही. नौदल वाढले ते कागदावर आणि बराकींत. मधला कणा लहानच राहिला.

अहवाल आला त्याच वर्षी फाळणी झाली. त्या वाटणीत जहाजांची चर्चा फार होते : सहा मोठ्या स्लूप नौकांपैकी चार भारताला, दोन पाकिस्तानला. शाळांची चर्चा होत नाही. मुलांचे प्रशिक्षण, तोफखाना आणि रडार यांच्या शाळा कराचीत होत्या, त्या तिथेच राहिल्या. भारताकडे नाविक होते, पण त्यांना घडवायच्या जागा निम्म्या गेल्या होत्या. मुलांच्या प्रशिक्षणाची सोय विशाखापट्टणमला नव्याने करावी लागली, तोफखान्याची कोचीला. लोणावळ्याचे 'शिवाजी' आणि जामनगरचे 'वालसुरा' मात्र हाती राहिले. आपला अधिकारी नौदलप्रमुख व्हायला एप्रिल १९५८ उजाडले. तोवर त्या खुर्चीत ब्रिटिश अधिकारीच होते. थलसेनेच्या मानाने हा उशीर मोठा, आणि त्याचे कारण हेच : अनुभवी हिंदी अधिकाऱ्यांची फळी वेळेवर घडवलीच गेली नव्हती.

पुढे शाळांचे जाळे सावकाश विणले गेले. १९८० मध्ये 'आयएनएस चिल्का' सुरू झाले आणि नवख्या नाविकांचे प्राथमिक प्रशिक्षण तिथे एकवटले. मुंबईत मालाडजवळ मार्वेला 'हमला' आहे. १९४६ मध्ये हा लँडिंग क्राफ्टचा तळ होता आणि तोही संपात उतरला होता. आज तिथे नौदलाच्या पुरवठा विभागाचे शिक्षण दिले जाते, आणि नाविकांसाठी स्वयंपाक करणारे आचारीही तिथेच शिकतात.

जून २०२२ मध्ये 'अग्निपथ' योजना आली. तिने शांततेच्या काळातील मनुष्यबळाचे गणित पुन्हा मांडले. भरती चार वर्षांसाठी. त्यानंतर जास्तीत जास्त एक चतुर्थांश जणांना पुढे कायम ठेवायचे, बाकीच्यांनी एकरकमी निधी घेऊन नागरी जीवनात परतायचे. दल तरुण राहील, हा समर्थकांचा युक्तिवाद. मुरलेला नाविक कुठून येईल आणि बाहेर पडलेल्याला काम कोण देईल, हा विरोधकांचा. 'तलवार'वरच्या मागण्यांचा कागद ज्याने वाचला आहे, त्याला यांतील दुसरा प्रश्न ओळखीचा वाटेल.

२८ मार्च २०२३ रोजी चिल्का येथे पहिल्या नौदल अग्निवीरांचे दीक्षान्त संचलन झाले. अडीच हजारांहून अधिक तरुण, त्यांत २७२ मुली. नाविक म्हणून भरती झालेली ही मुलींची पहिली तुकडी. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होत आहेत.